सरांचं शटर

माणूस अचानक गेला की घरच्यांना रडायलाही सवड मिळत नाही. कपबशा विसळण्यातच दिवस जातो. वहिनींचं तसंच झालं होतं. सकाळी दार उघडावं तर दारात कोणीतरी उभं. कधी जुना विद्यार्थी, सोबत बायको, कडेवर पोर. कधी संस्थेचे कोणी. कधी कोपऱ्यावरचा न्हावी, ज्याच्या हाती मोठे सर महिन्याला डोकं द्यायचे आणि कात्री चालू असेतो त्याच्या मुलाचं गणित कुठवर आलं ते विचारत बसायचे. सगळ्यांनी त्याच खुर्चीत बसायचं, त्याच भिंतीकडे बघायचं आणि जरा थांबून तेच म्हणायचं, "असा माणूस पुन्हा होणे नाही." वहिनी मान हलवायच्या आणि चहा टाकायला उठायच्या. मला काय सांगता, शर्टाच्या कॉलरी मी घासल्यात त्यांच्या, असं ओठांपर्यंत यायचं. पण बोलायलाही अंगात जीव लागतो. तो कपबशांत संपलेला असायचा.

वहिनी हे नाव शाळेनं दिलेलं. शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. त्यांच्या स्वतःच्या नोकरीच्या जागी मात्र त्या ‘खिडकीवरच्या ताई’ होत्या. इस्पितळात अपघात विभागाच्या दाराशीच केसपेपरची खिडकी होती आणि त्या खिडकीमागे त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. नाव, वय, काय होतंय. समोरचा रक्तबंबाळ असो की नुसता भेदरलेला, ताईंचा आवाज तोच. कठोर नव्हत्या, पण प्रत्येकाबरोबर हेलावायचं म्हटलं तर दुपारपर्यंत माणूस उरत नाही.

मोठे सर म्हणजे त्यांचे मालक, एका मोठ्या तीनमजली शाळेचे मुख्याध्यापक. या गृहस्थाला स्वतःची केबिन म्हणजे तुरुंग वाटायचा. सर केबिनमध्ये सापडले तर समजावं आज शाळेला सुट्टी आहे, असं शिपाई म्हणायचा. सकाळी फाटकात उभे, मग गच्चीवर टाकीचं पाणी बघायला, मग मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कड्या नीट लागतात की नाही ते बाईंना विचारायला. आणि कोणी शिक्षक रजेवर असला की त्याचा तास हे स्वतः घ्यायचे. विषय कोणताही असो. इतिहास, विज्ञान, शिवण. एकदा तर संगीताचाही घेतला. पोरं ऐकून घेत बसली, याला म्हणतात संस्कार.

वर्गात शिरल्यावर ते "शांत बसा" असं कधी म्हणत नसत. त्यांची एक रीत होती. गोंगाट चालू असला की सरळ जाऊन खुर्चीत बसायचे, हात मांडीवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. बस्स. ओरडा नाही, छडी नाही, टेबलावर डस्टर आपटणं नाही. पुढची बाकं आधी गप्प व्हायची, ती मागच्यांना गप्प करायची, आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली की आणखी थोडा वेळ जाऊ देऊन सर डोळे उघडायचे आणि जणू काही झालंच नाही असे शिकवायला लागायचे. पोरांनी याला नाव ठेवलं होतं: सरांनी शटर ओढलं. शटर ओढलं की हलायचं नाही, शिंकायचं नाही, आणि सरांना हाक तर मुळीच मारायची नाही. हाक मारली की शटर आणखी लांबायचं. सातवी क नं मागे एकदा इतका दंगा घातला होता की सरांनी अख्खा तास डोळे उघडले नव्हते. घंटा झाल्यावर उठले आणि म्हणाले, "आज छान विश्रांती झाली. आभारी आहे." वर्गाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

घरीही शटर होतंच. संध्याकाळी शाळेतून आले की गॅलरीतल्या खुर्चीत बसायचे आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ भांडं वाजवायचं नाही, हा घराचा नियम. नियम कोणी केला नव्हता, आपसूक झाला होता. लेक लहान असताना हळूच जवळ जाऊन त्यांची पापणी बोटानं वर करायची आणि विचारायची, "बाबा, आत आहात का?" सर दुसरा डोळा न उघडता म्हणायचे, "साहेब बाहेर गेलेत. संध्याकाळी या." लेक त्यांच्याच शाळेत होती. तिथे तिनं त्यांना सर म्हणायचं, असा करार. एकदा घरी जेवताना तिच्या तोंडून निघून गेलं, "सर, मीठ द्या ना." वहिनी इतक्या हसल्या होत्या की घास नाकात गेला. सरांनी मीठ दिलं आणि म्हणाले, "पुढच्या वेळी हात वर करून माग."

चांगला बाप होता. लेकीला इस्त्री करायला त्यांनी शिकवलं. घरातल्या तिघांचे कपडे ते रविवारी स्वतः इस्त्री करायचे. बायकोला पहाटपाळी असली की स्कूटरवर सोडायला यायचे आणि निघण्याआधी चहा करायचे. तो चहा म्हणजे गरम पाण्याला चहाची आठवण झालेली असायची. वहिनी इतकी वर्षं निमूट प्यायल्या. आणि हेही खरं, की बाकी सगळ्यावर त्यांचं एकच उत्तर होतं: निवृत्त झालो की बघू. न्हाणीघरातली गळती, वहिनींचा गुडघा, दोघांनी समुद्रावर जायचं ते, सगळं निवृत्तीच्या खुंटीला टांगलेलं. शाळेतला एक नळ गळला तर हा माणूस पान्हा घेऊन धावायचा; घरी बादली लावली होती. बादली अजून तिथेच होती. टपटप चालू होती. आलेले लोक म्हणायचे असा माणूस होणे नाही, आणि वहिनींना आतून ती टपटप ऐकू यायची.

त्या दिवशी भूगोलाच्या बाई रजेवर होत्या. सातवी क चा तास सरांनी घेतला.

पुढचं वहिनींना चित्रकलेच्या सरांकडून कळलं, आणि त्या बिचाऱ्यालाही सांगताना घाम फुटला होता. सर वर्गात गेले. पोरं कलकलाट करत होती. सरांनी खुर्चीत बसून डोळे मिटले. पोरं गप्प झाली. सरांनी डोळे उघडले नाहीत. पोरांना वाटलं, मागच्यासारखी अख्ख्या तासाची शिक्षा मिळालीय. मग ती हट्टालाच पेटली, की यावेळी सरांना दाखवूच. कोणी हललं नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठायला लागला, "सरांचा हात बघ कसा लोंबतोय," म्हणाला, तर वर्गाची मॉनिटर असलेल्या मुलीनं त्याला दटावून खाली बसवलं. घंटा झाली. तरीही कोणी हललं नाही. पुढचा तास चित्रकलेचा. चित्रकलेचे सर कागदांची गुंडाळी घेऊन दारात आले, आत सर डोळे मिटून बसलेले दिसले, म्हणून तेही अदबीनं दारातच उभे राहिले. "वहिनी, मीसुद्धा वाट बघत उभा राहिलो हो," ते म्हणाले. "मला वाटलं, सरांची शांतता मोडायची कशी."

इस्पितळाच्या खिडकीशी केसपेपर काढायला आले तेही तेच. वहिनी मान खाली घालून लिहीत होत्या. "नाव?" उत्तर नाही. "अहो, पेशंटचं नाव सांगा, मागे माणसं खोळंबलीत." तरी उत्तर नाही, म्हणून वर पाहिलं तर चित्रकलेचे सर, बोटांना रंग, तोंड नुसतं उघडं. वहिनींनी विचारायचं ते विचारलंच नाही. नाव स्वतः लिहिलं. वय लिहिलं. पुढची रेघ कोरी ठेवून त्या उठल्या.

थोड्या वेळानं आतून डॉक्टर बाहेर आला. पोरगेलासा, त्यांच्या डब्यातला घास हक्कानं खाणारा. त्यानं त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "ताई, क्षणात झालं सगळं. कोणालाच काही करता आलं नसतं."

हे वाक्य ऐकलं आणि वहिनींच्या काळजात काटा मोडला. कारण हे वाक्य त्यांना पाठ होतं. काचेमागे बसून त्यांनी ते किती आयांना, किती नवऱ्यांना सांगितलेलं ऐकलं होतं याला गणती नाही. डॉक्टर बदलायचे, पाळ्या बदलायच्या, वाक्य तेच. काही वेळा ते खरं असायचं. काही वेळा डॉक्टर नंतर चहाच्या टपरीवर म्हणायचा, "थोडं आधी आणलं असतं ना, तर..." आणि वाक्य अर्धंच सोडायचा. हे वाक्य म्हणजे इस्पितळाची पांढरी चादर. सगळ्यांना तीच.

तर हा काटा घेऊन वहिनी कपबशा विसळत होत्या, तेव्हा उपबाई पहिल्यांदा आल्या.

उपबाई म्हणजे उपमुख्याध्यापिका. एवढं लांबलचक कोण म्हणणार, म्हणून उपबाई. सरांच्या मागे शाळेचं गाडं त्यांच्या मानेवर पडलं होतं आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. चहा पुढ्यात ठेवला तरी हात लावेनात.

"वहिनी, सातवी क चं काही खरं नाही," त्या म्हणाल्या. "पोरं दंगाच करत नाहीत. मधल्या सुट्टीतही भिंतीला टेकून बसतात. आणि ती मॉनिटर, ती तर शाळेतच येत नाही. सर तिला लाडानं पोलीस म्हणायचे, आठवतं? तुम्ही एकदा येऊन एवढंच सांगा, की बाळांनो, तुमची काही चूक नाही."

"आणि असली तर?"

उपबाई दचकल्या.

"मला सांगता येणार नाही, बाई," वहिनी म्हणाल्या. आवाज खिडकीवरचा. "जे मलाच माहीत नाही ते मी पोरांना कसं सांगू? तुम्ही चहा घ्या, गार होतोय."

खरं सांगायचं तर त्यांना त्या पोलिसाचा राग होता. नुसता चेहरा अंधुक आठवत होता, दोन वेण्या, ताठ मान. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला उठू दिलं असतं तर? एवढासा प्रश्न. पण दिवसभर डोक्यात घरघर करायचा. बारा वर्षांच्या पोरीवर राग धरायची वहिनींना लाज वाटायची आणि लाज वाटली की आणखी राग यायचा.

उपबाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा दार लेकीनं उघडलं. लेक आता मोठी, नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला, बोलायला बापाच्या उलट. "उपबाई, रागावू नका," ती दारातच म्हणाली, "पण आईला झोप नाही. माझे बाबा तुमच्या शाळेनं घेतले ते घेतले. आईला तरी आम्हाला ठेवा." उपबाई उतरून गेल्या. लेक दार लावून दाराला टेकून उभी राहिली. "जास्त बोलले का गं?"

"बोललीस," वहिनी म्हणाल्या. "पण मला बरं वाटलं."

तिसऱ्यांदा उपबाई घरी आल्याच नाहीत. वहिनी कामावर रुजू झाल्यावर त्या खिडकीशी आल्या, रांगेत उभ्या राहून.

"नाव?" वहिनी सवयीनं म्हणाल्या आणि वर पाहिलं.

"केसपेपर नको," उपबाई म्हणाल्या. "एकच गोष्ट सांगते आणि जाते. त्या पोलिसाची आई भेटली. म्हणते, पोरगी घरात कोणाला झोपू देत नाही. धाकटा भाऊ झोपला की हलवून उठवते. बाप रात्रपाळीचा वॉचमन आहे, तो दिवसा झोपतो. त्याचा डोळा लागला की ही खांदा धरते, ‘बाबा, बाबा.’ तो उठतो, ती बाजूला होते. पुन्हा डोळा लागला की पुन्हा. मारून झालं, समजावून झालं. रडत नाही, बोलत नाही, नुसती उठवते. बस. झालं माझं सांगून."

मागच्या माणसानं घसा खाकरला. उपबाई रांगेतून बाजूला झाल्या. वहिनींनी पुढच्याचं नाव विचारलं, त्यानं सांगितलं, आणि त्यांना ते लिहिताच येईना. स्वतःच्या झोपेचं काय झालं होतं ते त्यांचं त्यांना माहीत. पण एवढी पोर सगळ्या घराच्या छातीवर कान लावून बसलीय म्हटल्यावर त्यांचा राग कुठे टेकवावा तेच कळेना.

पाळी संपल्यावर त्यांनी डॉक्टरला जिन्याखाली गाठलं. तोही दमलेला, भिंतीला पाठ लावून उभा.

"मला खरं सांग," त्या म्हणाल्या. "नातेवाइकांना सांगतोस ते नको. वेळेवर कळलं असतं तर?"

त्यानं स्टेथोस्कोप काढून खिशात कोंबला. "ताई, खरं सांगायचं तर मला माहीत नाही. काही जण कोसळतात ते कोसळतातच. काहींना लगेच कोणी छाती दाबायला लागलं तर हाताला लागतात. सर कोणत्यातले, ते तिथे असलेल्यालाच माहीत. माझ्यापर्यंत आले तेव्हा खूप उशीर झाला होता."

"मग क्षणात झालं, असं का म्हणालास?"

"काय म्हणायला हवं होतं?"

वहिनींनी पिशवीतून डबा काढला, उरलेलं त्याला दिलं आणि उपबाईंना फोन केला.

वॉचमनचं घर एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होतं. जिना अरुंद, कठडा डगमगता, प्रत्येक मजल्यावर चपला आणि सायकली. वहिनींचा गुडघा दुसऱ्या मजल्यावरच बोलायला लागला. उपबाई मागून म्हणत होत्या, "सावकाश, सावकाश," पण त्यांचाही भाता वरखाली होत होता.

खोली एकच, पडदा लावून दोन केलेली. दार वॉचमननंच उघडलं. डोळे लालभडक, दाढी वाढलेली. बायको कामाला गेली होती, धाकटा मुलगा शाळेत. "या, बसा," तो म्हणाला. "उभा आहे पण जागा आहे असं समजू नका. आमचा मालक मला जागं राहायचा पगार देतो आणि ही पोरगी फुकटात जागं ठेवते."

पोलीस पडद्याशी उभी होती. वेण्या दोनच, पण मान ताठ नव्हती. वहिनींना बघून ती भिंतीत शिरेल की काय अशी मागे सरकली. वहिनी जमिनीवरच बसल्या. पाय लांब केला, गुडघा चोळला. कुठून सुरुवात करावी ते त्यांना कळेना. आणि तेवढ्यात पोरीनंच विचारलं, इतक्या बारीक आवाजात की उपबाईंना पुढे वाकावं लागलं.

"मी सरांना उठवलं असतं तर?"

वाक्य वहिनींच्या जिभेवर तयार होतं. घडी घातलेलं, धुतलेलं, वापरायला काढायचा अवकाश. पण समोरचे डोळे बघून ते त्यांना काढवेना.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

उपबाईंनी खोकून इशारा केला. वहिनींनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"खरंच माहीत नाही गं. डॉक्टरला विचारलं, त्यालाही माहीत नाही. पण एक मला पक्कं माहीत आहे. चूक झाली ती सरांची. साठ पोरांना गप्प बसायला शिकवलं. पण मी उठलो नाही तर मला उठवा, एवढं सांगायचं सुचलं नाही या माणसाला. एवढा मोठा मुख्याध्यापक, आणि एवढी साधी अक्कल नको?"

पोरीचे डोळे मोठे झाले. मोठ्या सरांबद्दल असं बोललेलं तिनं जन्मात ऐकलं नसावं. "सर कधी चुकत नव्हते," ती म्हणाली. आवाजात जराशी धार आली होती.

"अगं, माझ्या घरी येऊन बघ. चुकायचे म्हणजे काय, चुकांचा डोंगर. चहा असा करायचे की आजारी माणूस आणखी आजारी पडावा. न्हाणीघरातला नळ एकदाच दुरुस्त करायला घेतला आणि होती ती गळती दुप्पट करून आले, तेव्हापासून तिथे बादली. माझी ठेवणीतली निळी साडी इस्त्रीनं जाळली आणि घडी घालून कपाटात ठेवली, जळका भाग आतल्या बाजूला. मला लग्नाला जाताना कळलं."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? तीच नेसले, पदर अंगभर घेऊन. लोक म्हणाले, काय बाई, किती शालीन."

वॉचमन भिंतीशी फसकन हसला. पोरीचं तोंड हललं, हसू आलं नाही, पण हललं. मग ती पडद्यापासून सुटली आणि वहिनींच्या पायाशी येऊन बसली. बांध फुटावा तसं बोलायला लागली. सरांनी आल्याबरोबर फळा स्वतः पुसला. खिडकी उघडा म्हणाले, उकडतंय. मग बसले. शटर ओढलं. पोरं गप्प झाली.

"आणि मग सर घोरायला लागले," ती म्हणाली. "असं घोरले." तिनं घशातून आवाज काढून दाखवला, एकदा मोठा, मग थांबून, मग पुन्हा. "सगळे हसले. मी म्हटलं, हसू नका, सर दमलेत, झोपू द्या. मग घोरणं थांबलं. मला वाटलं, गाढ झोपले."

खाली कोणीतरी सायकल ओढत नेत होतं.

मोठे सर जन्मात कधी घोरले नव्हते. घोरायच्या त्या वहिनी. सर सकाळी चेष्टा करायचे. आणि पोरीनं काढून दाखवलेला आवाज वहिनींनी स्ट्रेचरवरून येताना किती वेळा ऐकला होता. हृदय थांबल्यावर घशातून तसा आवाज येत राहतो थोडा वेळ. तो ऐकला की आतले डॉक्टर, नर्सा सगळं टाकून धावायचे, कारण तो आवाज येतो तोवर कधी कधी हातात थोडं काही असतं. डॉक्टर म्हणाला होता, तिथे असलेल्यालाच माहीत. तिथे असलेली समोर बसली होती, वहिनींच्या पायाशी, आणि तिला काही माहीत नव्हतं. वहिनींना आता माहीत होतं.

पोरगी वाट बघत होती.

वहिनींनी हात पुढे करून तिची सुटलेली वेणी धरली आणि पीळ घालायला लागल्या. बोटांना काम हवं होतं. "घोरायचेच ते," त्या म्हणाल्या. "अगदी असेच. रोज. मी कंटाळले होते."

"रोज?"

"तर काय. घरी आले, खुर्चीत बसले, डोळे मिटले की सुरू. आम्हीही झोपूच द्यायचो."

"म्हणजे मी ओळखायला हवं होतं, असं काही नव्हतं?"

"मी त्यांची बायको. इस्पितळात नोकरी माझी. मी तिथे असते तरी मीही झोपूच दिलं असतं," वहिनी म्हणाल्या, आणि हे वाक्य त्यांना इतकं सहज आलं की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. वेणी घालून झाली. मग त्यांना दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटली, की आपण या पोरीला भलतंच तर शिकवत नाही. म्हणून त्या म्हणाल्या, "पण एक लक्षात ठेव. पुढे कधी, कोणाचंही, शंका आली की हलवायचं. माणूस ओरडला तरी चालेल. पण एकदाच हलवायचं. उठला, शिवी दिली, की झालं, जिवंत आहे. मग झोपू द्यायचं. कळलं?"

"शिवी दिली पाहिजे?"

"मी देईन," वॉचमन भिंतीशी डोळे मिटूनच म्हणाला. "त्याची काळजी नको."

निघताना उपबाईंनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. वहिनींनी ठेवला नाही. त्यांना चपला सापडत नव्हत्या, आणि डोळ्यांसमोर काही नीट दिसत नव्हतं. वॉचमन पडद्याआड जाऊन आडवा झाल्याचं खाटेच्या करकरण्यावरून कळलं.

दोघी एक मजला उतरल्या. मग उपबाई मागून म्हणाल्या, "वहिनी, सर घोरायचे? सहलीला आमचे शिक्षक त्यांच्या खोलीत असायचे. ते तर म्हणायचे, सर झोपले की—"

"उपबाई," वहिनी म्हणाल्या, "थांबा जरा. गुडघा धरलाय."

त्या पायरीवर बसल्या. उपबाई त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग पदर सावरून शेजारी बसल्या. अरुंद पायरीवर दोघींचे खांदे एकमेकींना लागले.

"तिला उद्यापासून घ्या शाळेत," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"मॉनिटर दुसरी करा. हिला जरा दंगा करू दे."

"बरं."

"आणि माझ्या लेकीला यातलं काही सांगू नका."

"कशातलं?" उपबाई म्हणाल्या.

वहिनींनी मान हलवली. चौथ्या मजल्यावरून एक झोपाळू, जाडजूड शिवी ऐकू आली, आणि मग काही नाही. दोघीही वर बघत होत्या. मग दुसऱ्यांदा काही ऐकू येईना, तशी उपबाईंनी हात पुढे केला. वहिनींनी तो धरला, पण उठल्या नाहीत.

"बसू या थोडं," त्या म्हणाल्या. "घरी गेलं की कोणीतरी आलेलं असेल."